माफीचे दिवस



गेल्या वर्षी क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आमच्या गल्लीतील चार-पाच घरांत धान्य निवडण्याचे काम करणाऱ्या मावशी पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. हातात मुलाचे पत्र होते. मुलगा कोल्हापुरास कळंब्याच्या कारागृहात शिक्षा भोगत आहे, हे सर्वांना ठाऊक होते. त्याविषयी त्या स्वतः मात्र कधी बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी मला विचारले, "आण्णा, काल तुमी समदी एकमेकांची माफी मागत हुता. माझ्या पोरालाबी माफीचं दिवस मिळाल्यात म्हणून पत्रात लिवलंय. सरकारनं क्षमा केली व्हय त्याला?"

तीस वर्षांहून अधिक काळ वकिली करूनही या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता आले नाही. त्यांना समजावून सांगताना मलाच बऱ्याच गोष्टी नव्याने उमगल्या. आपल्या बैठकीतही हा विषय अनेकदा निघतो, आणि निघाला की दोन-तीन गैरसमज हमखास बोलून दाखविले जातात. म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. तुरुंगाच्या व्यवहारात 'माफी' म्हणजे शिक्षेच्या मुदतीतून वजा होणारे दिवस. न्यायालयाने सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली, बंद्याने नेमून दिलेले काम चोख केले, शिस्त पाळली, की त्याच्या खात्यावर दर महिन्याला काही दिवस जमा होतात. चांगल्या वर्तनाचे दिवस वेगळे आणि कामाचे वेगळे. वर्षभर एकही तुरुंग-अपराध न करणाऱ्यास वार्षिक माफी मिळते. त्याशिवाय विशेष माफी असते. दुसऱ्या बंद्यास एखादी कारागिरी शिकविणे, उत्कृष्ट काम करणे, आग किंवा हल्ल्याच्या प्रसंगी अधिकाऱ्याच्या मदतीस धावणे, अशा कारणांसाठी ती दिली जाते. आपल्या राज्यात यासाठी १९६२ मध्ये नियम करण्यात आले आणि त्यांना आधार १८९४ च्या कारागृह अधिनियमाचा होता. समजा, एखाद्याच्या खात्यावर महिन्याला ७ दिवस जमले, तर वर्षाचे ८४ दिवस होतात. म्हणजे जवळजवळ तीन महिने. सात वर्षे मोजणाऱ्या घराला हा हिशेब लहान नाही.

हे दिवस जसे मिळतात तसे जातातही. तुरुंगात मारामारी केली, निषिद्ध वस्तू बाळगली, संचित किंवा अभिवचन रजेवर गेलेला बंदी वेळेवर परतला नाही, तर जमा झालेली माफी कापली जाते. म्हणूनच मी मावशींना म्हटले, "ही सरकारने केलेली क्षमा नव्हे. ही तुमच्या मुलाने केलेली कमाई आहे. पतपेढीत दररोज थोडे थोडे पैसे टाकावेत, तसे तो दिवस टाकतो आहे." ते त्यांना पटले. त्या घरी गेल्या आणि दिनदर्शिकेच्या मागील कोऱ्या बाजूवर नातीकडून दिवसांचा हिशेब मांडून घेऊ लागल्या.

वाचकांना प्रश्न पडेल, की ही कल्पना आली कोठून? अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १८१७ मध्येच चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षा कमी करण्याचा कायदा केला होता. परंतु या विचाराला खरी खोली दिली ती अलेक्झांडर मॅकोनोची या ब्रिटिश नौदलातील अधिकाऱ्याने. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस प्रशांत महासागरात नॉरफोक नावाचे लहानसे बेट आहे. ब्रिटिशांनी तेथे अट्टल ठरविलेल्या गुन्हेगारांची वसाहत केली होती. चाबूक आणि बेड्या हीच तेथील राज्यव्यवस्था होती. १८४० मध्ये मॅकोनोची तेथे मुख्याधिकारी म्हणून गेला. तारुण्यात तो स्वतः फ्रेंचांच्या कैदेत काही वर्षे युद्धबंदी होता. बंदिवासाची चव त्याला ठाऊक होती.

त्याने मांडलेला सिद्धांत साधा होता. माणसाला काळाची शिक्षा देऊ नका, कामाची द्या. सात वर्षे म्हटले की माणूस सात वर्षे सरण्याची वाट पाहत बसतो आणि त्या वाट पाहण्यात अधिकच बिघडतो. त्याऐवजी त्याच्यापुढे ठराविक गुण मिळविण्याचे उद्दिष्ट ठेवा. ते गुण श्रमाने, अभ्यासाने, चांगल्या वागणुकीने मिळवावेत; वाईट वागल्यास गमवावेत; आणि ते पूर्ण झाले की माणूस मोकळा व्हावा. किल्ली ज्याची त्याच्या हाती. वरिष्ठांना हे फार सौम्य वाटले. त्याची योजना त्याला हवी तशी पूर्णपणे राबविता आली नाही आणि १८४४ मध्ये त्याला परत बोलाविले गेले. परंतु कल्पना मागे उरली. पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन याने तिला व्यवस्थेचे रूप दिले आणि तेथून ती जगभर पसरली. मावशींच्या दिनदर्शिकेवरील आकड्यांचे मूळ असे एका दूरच्या बेटावर आहे.

आपल्या वाचकांना या विचारात परके काही वाटू नये. बांधलेले कर्म आपल्या काळी उदयास येऊन, फळ देऊन झडते, ती सविपाक निर्जरा. आणि तपाच्या बळाने काळाआधीच झडते, ती अविपाक निर्जरा, हे आपण पाठशाळेतच शिकलो आहोत. तुरुंगाचा कायदा आणि कर्मसिद्धांत यांचा काही संबंध नाही. पण नुसते भोगत बसणे आणि पुरुषार्थाने झाडून टाकणे यांतील भेद कळण्यास ही उपमा पुरेशी आहे.

आता गैरसमजांकडे वळू. पहिला गैरसमज असा, की तुरुंगात दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात, त्यामुळे शिक्षा निम्म्यावर येते. असा कोणताही नियम नाही. तेथील दिवसही चोवीस तासांचाच असतो.

दुसरा गैरसमज 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' हा. जन्मठेप म्हणजे उर्वरित सर्व आयुष्य. महात्मा गांधींच्या हत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात असा दावा केला होता, की प्रत्यक्ष भोगलेली वर्षे आणि कमावलेली माफी यांची बेरीज वीस वर्षांच्या वर गेली आहे, तेव्हा मला सोडावे. १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. खात्यावर माफीचे दिवस जमले म्हणून जन्मठेपेचा बंदी आपोआप सुटत नाही. त्याची उरलेली शिक्षा माफ करायची की नाही, हे सरकारने ठरवायचे असते. चौदाचा आकडा येतो तो नंतर, १९७८ च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्यास फाशीचीही शिक्षा होऊ शकते, अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याखेरीज सरकारलाही सोडता येत नाही. म्हणजे चौदा वर्षे ही सुटकेची तारीख नव्हे. ती किमान मर्यादा आहे. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ४७५ मध्ये आहे.

तिसरा आक्षेप असा, की माफी मोठ्यांनाच मिळते. अभिनेता संजय दत्त २५ फेब्रुवारी २०१६ रोजी येरवड्याहून सुटला, तेव्हा त्याला सुमारे साडेआठ महिन्यांची माफी मिळाली होती आणि त्यावर गदारोळ झाला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. राज्य सरकारने नियम आणि नोंदी पुढे ठेवल्या आणि २०१८ मध्ये ती याचिका निकाली निघाली. खरी गोष्ट अशी आहे, की तशीच माफी नाव नसलेल्या हजारो बंद्यांनाही मिळत असते. त्यांच्या सुटकेच्या वेळी फाटकाबाहेर छायाचित्रकार नसतात, एवढेच.

मात्र सरकार जेव्हा आपल्या अधिकारात उरलेली शिक्षाच माफ करते, तेव्हा तो निर्णय डोळसपणे झाला पाहिजे. बिल्किस बानो प्रकरणातील ११ दोषींना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हे, असे न्यायालयाने सांगितले आणि दोषींना पुन्हा तुरुंगात जावे लागले. माफीचे दार उघडताना ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला विसरून चालत नाही, हे त्या निकालाने देशाच्या लक्षात आणून दिले.

आता मावशींनी विचारलेला दुसरा प्रश्न. "पोरगा निकालाच्या आधी चौदा महिनं आतच हुता. त्या महिन्यांची माफी कुठं हाय?" ती नाही. निकालापूर्वी तुरुंगात काढलेला काळ शिक्षेतून वळता होतो. पण शिक्षाच झालेली नसल्यामुळे त्या काळात माफीचे खाते उघडत नाही. तुरुंगाच्या बोलीत अशा बंद्याला कच्चा कैदी म्हणतात. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार जणांत तीन माणसे अशी, की ज्यांना आपल्या वागणुकीने एक दिवसही कमावता येत नाही. दोषी ठरलेल्याला कमाईची वाट आहे. दोषी न ठरलेल्याला नाही. नव्या संहितेच्या कलम ४७९ ने थोडा दिलासा दिला आहे. पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यासही नाही. आपल्या ओळखीच्या कोणा गरिबाचा मुलगा असा अडकला असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकील मिळतो, एवढे त्या घरी सांगितले तरी मोठे काम होईल.

येथवर लिहिले ते कायद्याचे. पण ज्यासाठी हा लेख लिहावा असे वाटले, ते यापुढे आहे.

मावशींच्या मुलाच्या हातून जे घडले, ते बांधाच्या भांडणात घडले. रागाच्या भरात कुदळीचा घाव बसला आणि शेजारच्या रानातील एक माणूस गेला. त्याची विधवा पत्नी त्याच गावात राहते. मुलाची सुटका माफीमुळे वर्षभराहून अधिक आधी, येत्या दिवाळीच्या सुमारास होणार, हे कळले तेव्हा मावशी आनंदाने रडल्या आणि लगेच म्हणाल्या, "आण्णा, तिच्या दारात मी कशी जाऊ?"

मी गेलो. गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या कुटुंबास नुकसानभरपाई देण्याची योजना आहे. तिने अर्ज केला होता का, हे विचारण्याचे निमित्त मला होते. तिने केला नव्हता; अशी काही योजना असते, हेच तिला कोणी सांगितले नव्हते. चहा झाला. मग तिने शांतपणे विचारले, "तो लवकर येतोय म्हणं?" मी होय म्हटले. नियम काय आहे तेही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्याचं दिवस समद्यांनी मोजलं. माझं कुणी मोजलं न्हाईत."

या वाक्यावर मला काही बोलता आले नाही. पण मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. तुरुंगातील माफी हा शासन आणि बंदी यांच्यातील हिशेब आहे. तो न्याय्य आहे आणि उपयुक्तही. ज्याला उद्याची आशा आहे तो आज नीट वागतो, काम शिकतो. ज्याला काहीच मिळवायचे नाही आणि काहीच गमवायचे नाही, तो स्वतःलाही धोकादायक आणि इतरांनाही. परंतु या माफीने दिवस कमी होतात, दोष पुसला जात नाही. कायदाही तेच सांगतो: शिक्षा कमी झाली तरी दोषसिद्धी कायम राहते. आणि ज्याचे माणूस गेले, त्याच्याशी असलेला हिशेब या खात्यात कधीच येत नाही. त्याला आपण ज्या अर्थाने क्षमा म्हणतो, ती हवी. ती मागावी लागते, आणि ती देणे न देणे सर्वस्वी त्या दुसऱ्या माणसाच्या हाती असते. नियमाप्रमाणे ती कोणाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

मुलाला मी पत्र लिहिले. घरी येण्यापूर्वी त्या माउलीला चार ओळी लिही, उत्तराची अपेक्षा ठेवू नकोस, एवढेच सुचविले. त्याने लिहिले आहे, असे मावशी सांगतात. तिकडून उत्तर आलेले नाही. येईल असेही मी म्हणत नाही. तिचा नुकसानभरपाईचा अर्ज मात्र दाखल झाला आहे.

उरला आपला भाग. मावशींनी मला आणखी एक गोष्ट विचारली होती. "सुटल्यावर तुमच्या दुकानात ठिवून घ्याल काय त्याला?" आमचे कापडाचे दुकान पुतण्या पाहतो. त्या दिवशी मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली. आदल्याच दिवशी मंदिरात हात जोडून सर्व जीवांची क्षमा मागून आलो होतो. आणि एका जीवाला दुकानात उभे करण्याचा प्रश्न येताच माझी जीभ अडखळली, हे कबूल करतो. पुतण्याशी बोललो, तेव्हा त्याने गिऱ्हाइकांची अडचण सांगितली. ती खोटी नव्हती. महिनाभर वाद झाला. शेवटी ठरले ते असे: मुलाने आत यंत्रमागाचे काम शिकून घेतले आहे, गोदामातील ठाण मोजणे, गाठी बांधणे, हिशेबाची वही ठेवणे हे काम त्याला द्यायचे. सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. त्याने आत जसे दिवस कमावले, तसा बाहेर विश्वास कमवावा. आपण त्याला खाते तरी उघडून द्यावे.

आपल्या दक्षिण महाराष्ट्राला हे नवे नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने १९३९ मध्ये बंद्यांची खुली वसाहत वसविली; भिंती नसलेली, कुटुंबासह शेतीत राबण्याची. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागील प्रेरणा तीच. गुन्हेगारांवर विश्वास टाकण्याचे धाडस आपल्याच माणदेशाच्या माळरानावर, दुष्काळी मातीत, आपल्या आजोबांच्या काळात झालेले आहे.

ब्राझीलमध्ये तर पुस्तकांवर माफी मिळते. बंद्याने एक पुस्तक वाचून त्यावर स्वतः लेखन करून दाखविले, की शिक्षेतून ४ दिवस कमी होतात. वर्षाला १२ पुस्तकांपर्यंत, म्हणजे ४८ दिवस. आपल्याकडे असा नियम नसला, तरी तुरुंगांत ग्रंथालये आहेत, मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे आहेत आणि शिकू पाहणारी माणसे आहेत. आपल्या घरांतून निघणारी चांगली पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी कारागृह अधीक्षकांना एक पत्र लिहून परवानगी मागावी. निवृत्त शिक्षक बंधु-भगिनींनी आठवड्याचा एक तास शिकविण्याची तयारी दाखवावी. दुकान, कारखाना, शेती असणाऱ्यांनी सुटून आलेल्या एका माणसाचा विचार करावा. आणि ज्या घरातील माणूस गेले, त्या घरी वर्षातून एकदा तरी जाऊन यावे. तेथे कोणी दिवस मोजत नसते.

या वर्षीची क्षमावणी नुकतीच झाली. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, दिनदर्शिका उलटी करून दाखविली. आकड्यांच्या शेवटच्या ओळीपुढे थोडीच जागा उरली होती. "एवढं दिवस ऱ्हायल्यात," त्या म्हणाल्या. गोदामाची एक किल्ली मी पुतण्याकडून मागून ठेवली आहे.

या स्तंभातील लेखनातून वर्षभरात कोणाचे मन दुखावले असल्यास मन-वचन-कायेने क्षमा मागतो. जय जिनेंद्र.